ट्रॅक्टरची खांदेमळण

पेडगावात बन्सीधरला ड्रायव्हर म्हणणारा अजून जन्माला यायचाय. गाव त्याला औत्याच म्हणतं, बैलांचं औत हाकणारा. ट्रॅक्टर हाकता हाकता डोक्याचे केस पिकले, तरी औत्याचा ड्रायव्हर काही झाला नाही, आणि त्यालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. मिसरूड फुटायच्या आत तो किशनरावांच्या घरी सालानं राहिला. त्या घरची शेती बैलांवर होती तोवर त्यानं बैल हाकले, ट्रॅक्टर आला तेव्हा ट्रॅक्टर हाकला. उद्या त्या घरात विमान आलं असतं तर तेही त्यानं "हां, हां, होऽ" करत शेताच्या धुऱ्यापर्यंत नेऊन वळवून आणलं असतं.

किशनरावांनी परभणीहून नवाकोरा ट्रॅक्टर आणला तेव्हा सोबत कंपनीचा एक माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं दिवसभर समजावून सांगितलं, डिझेल कुठं, पाणी कुठं, हवा कुठं. बन्सीधर मान हलवत होता आणि मनात म्हणत होता, की बैलाला हे सगळं एकाच तोंडानं घालता येतं. पण जाता जाता त्या माणसानं सीटखालच्या लोखंडी पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, "इंजिन नुसतं फिरतं. त्याची ताकद चाकापर्यंत नेतात ते ह्या पेटीतले गिअर. सगळा भार ह्यांच्यावर. ह्यात तेल नसलं की दात दाताला खातो."

बन्सीधर पुढं सरकला. "म्हंजे वरडतंय ते तोंड, आन् वढतोय तो खांदा. ह्याचा खांदा आत हाय म्हना की!"

हे कंपनीच्या पुस्तकात कुठं नव्हतं, पण तो माणूस हो म्हणाला.

तेवढं एक वाक्य बन्सीधरनं जन्माचं धरून ठेवलं. बाकीचे ड्रायव्हर बॉनेट पुसून पुसून आरशासारखं करतात, पुढं लिंबू-मिरची, मागं वाघाचं चित्र. बन्सीधरचा जीव त्या पेटीवर. मेकॅनिक लोक तिला हौजिंग म्हणतात म्हणून तोही हौजिंग म्हणायला लागला. सकाळी आधी हौजिंगवर तळहात ठेवायचा, मग किल्ली लावायची. काडी ओढून तेल किती आहे ते बघायचं, थेंबभर चिमटीत चोळायचं, नाकाशी न्यायचं. इंजिनाच्या तेलाचं कौतुक सगळ्यांना असतं, ते काळं पडलं की चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही सल्ला देतो. गिअरच्या तेलाला कोणी विचारत नाही. ते मधासारखं दातांवर पापुद्रा धरून बसतं आणि लोखंडाला लोखंड लागू देत नाही. त्याच तेलावर मागची लिफ्टही चालते. वखर, पेरणीयंत्र, जे काही मागं जोडाल ते उचलायचं आणि ठेवायचं काम लिफ्टचं. एक तेल आणि दोन कामं.

पुस्तकात लिहिलं होतं, अमुक तास चालला की तेल बदला. बन्सीधरनं पुस्तकाचा मान राखला आणि तेल बदलायचा दिवस आपल्या मनानं ठरवला. खांदेमळणीचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून तिथं घट्टे पडलेले असतात. लोणी-हळद कोमट करायची, पळसाच्या पानानं त्या घट्ट्यांवर चोळायची, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बन्सीधरनं ठरवून टाकलं, की त्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरला तेल आणि संध्याकाळी बैलांना लोणी. ट्रॅक्टर आधी एक फेरी मारून गरम करायचा, कारण गार तेल खाली उतरत नाही. मग खालचा नट सोडायचा. त्या नटाला लोहचुंबक असतो, त्याला वर्षाची झीज चिकटून येते. ती काजळीसारखी मऊ लागली तर बरं, बोटाला टोचली तर कुठला तरी दात गेला समजायचं. किशनराव ह्या सगळ्या सोहळ्याला हसायचे, पण तेलाचा डबा वेळेवर आणून द्यायचे.

किशनराव गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं, बालाजीकडं आला. बालाजी वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कष्टाळू आहे, हाताचा सढळ आहे, दारूला शिवत नाही. फक्त त्याच्या तोंडाला झाकण नाही. मनात आलेलं जिभेवर येतंच, आणि कधी कधी जीभ मनात येण्याचीही वाट बघत नाही.

त्यानं गेल्या वर्षी उन्हाळ्यात शेवटची बैलजोडी विकली. तांबड्या आणि मोऱ्या. सगळी कामं ट्रॅक्टरवर होत असताना दोन जनावरं नुसती बांधून कशाला ठेवायची, असं त्याचं म्हणणं, आणि व्यवहाराला ते धरून होतं. बैल टेम्पोत चढवताना कासरा बन्सीधरच्या हातात होता. बालाजीची आई धुरपताबाई बाहेर आल्याच नाहीत.

मग त्या वर्षीची खांदेमळण आली. गोठा रिकामा, शेण नाही की शिंगं रंगवायचा डबा नाही. बन्सीधरनं आपलं ठरलेलं काम केलं. जुनं तेल काढलं, नट लावला, बालाजीनं आणलेला सीलबंद डबा फोडून नवं तेल ओतलं. झाकण लावायचं बाकी होतं. तेवढ्यात धुरपताबाई आल्या. एका हातात गडू, दुसऱ्या हातात पळसाची पानं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चाललेला, त्यामुळं पाय चाचपडत टाकत होत्या. आधी सवयीनं गोठ्याकडं गेल्या, दाव्याला हात लावला, आणि परत फिरून ट्रॅक्टरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बन्सी, आता ह्यालाच लावते."

"लावा की, माय. हितं म्होरं, बोनटाला लावा."

"बोनटाला काहून? तूच म्हनतो ना, ह्याचा खांदा आत हाय?"

माणूस दुसऱ्याच्या शब्दातून सुटतो, स्वतःच्या शब्दात असा अडकतो. "यंत्र हाय, माय. त्याला लोनी चालत न्हाई," असं तो पुटपुटला खरा, पण त्यात काही जोर नव्हता. धुरपताबाईंनी हातानं चाचपून भोक शोधलं. ज्या बाईनं एवढ्या वर्षांत एकदाही खांदेमळण चुकवली नाही, जिनं बाळंतपणाच्या खोलीतूनही लोणी पाठवलं होतं, तिला आज एकच खांदा उरला होता. बन्सीधर बाजूला झाला.

त्यांनी गडू ओतला. ते तूप असतं तर निभावलं असतं. पण ते सकाळी घुसळलेलं लोणी होतं, त्यात ताक तसंच राहिलेलं. गडूच्या कडेला राहिलेलं लोणी त्यांनी पळसाच्या पानानं निपटून घेतलं, आणि निपटता निपटता पानं हातातून निसटली. त्यांना दिसलं नाही. बन्सीधरनं पाहिलं, बोट घातलं, पण पानं खाली गेली होती. धुरपताबाई त्या भोकाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मग पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या, "आमच्या बाळूला सांगू नगं बरं का. हसंल तो. म्हनंल, म्हातारीचं डोकं फिरलंय."

"माझ्या तोंडून जायचं न्हाई, माय."

खरं तर त्याच संध्याकाळी सगळं तेल परत काढून टाकायला हवं होतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण नवं तेल, आणि मायनं आवतण दिलेलं, ते कोणत्या तोंडानं मातीत ओतायचं? एवढ्या तेलात गडूभर लोणी म्हणजे दर्यात खसखस, अशी त्यानं आपली समजूत घातली आणि झाकण आवळलं. बन्सीधरची चूक ती एवढीच, आणि ती पुरेशी होती.

रब्बी निघाली, उन्हाळा निघाला. अधूनमधून काडीवर तेल फिकट दिसायचं. तो बघायचा आणि काडी परत खोवायचा. आषाढात सोयाबीनमधलं तण काढायला कोळपे धरायची वेळ आली आणि लिफ्ट रडायला लागली. दांडी ओढावी तर आतून कण्हल्यासारखा आवाज, आणि औजार मढ्यागत हळूहळू वर. एके दिवशी ते उचललंच नाही. बालाजीनं ट्रॅक्टर फाट्यावर सिद्धोधनच्या गॅरेजला न्यायला लावला.

सिद्धोधन खंदारे हा गावचाच. परभणीच्या आयटीआयला शिकला, बाहेर कारखान्यात राहून आला, आणि फाट्याला पत्र्याचं शेड टाकून बसला. हाताला चांगला, बोलायला रोखठोक. त्यानं खालचा नट सोडला, आणि परातीत जे उतरलं ते बघून शेजारच्या हॉटेलात चहा पिणारे चारजण उठून आले. मधाच्या रंगाचं तेल पांढरट झालं होतं, ताकासारखं.

"पानी गेलंय आत," सिद्धोधन म्हणाला. मेकॅनिकनं जे दिसतं ते सांगावं, त्यानं सांगितलं.

बालाजी बन्सीधरकडं वळला. "डबा मी सीलबंद आनला होता, काका. वतला कोनी?"

"म्या."

"तिसऱ्याचा हात लागला का हौजिंगला?"

बन्सीधरनं परातीकडं पाहिलं. "न्हाई."

आयुष्यात त्यानं बऱ्याच गोष्टी सांगितल्या नव्हत्या, पण विचारल्यावर खोटं बोलायची ही पहिली वेळ. आणि ते खोटं नेमकं त्याच्याच गळ्यात पडलं.

"मग पानी काय आपसूक गेलं? अर्धं तेल इकलं आन् पानी घालून भरती केली, दुसरं काय! आमच्या बापानं घरचा मानूस म्हनून ठिवला, आन् तुमी आमचंच तेल इकायलाव?"

हॉटेलवाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. बन्सीधर एक शब्द बोलला असता तर तिथल्या तिथं सुटला असता. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. पण त्याबरोबर हेही दिसलं, की बालाजी घरी जाऊन आईसमोर उभा राहणार आणि ह्याच आवाजात बोलणार. ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली असायची. ती गाठ इतक्या वर्षांची होती की सुटता सुटेना. शेवटी त्यानं दातानं सोडवली, किल्ली सीटवर ठेवली आणि पायी गावाकडं निघाला.

चोर म्हटलेल्या माणसाला गाव तोंडावर काही म्हणत नाही. गाव फक्त थोडं सरकून बसतं. बन्सीधर कधी परभणीला निघाला की लोक त्याच्याजवळ डिझेलचे कॅन द्यायचे, पैसे द्यायचे, एखादा तर बायकोचं तुटलेलं डोरलंही सोनाराकडं द्यायला सांगायचा. ते बंद झालं. कोणी मुद्दाम केलं नाही, पण बंद झालं. त्याला हेच सगळ्यात लागलं. काम गेल्याचं दुःख त्याला झालं, पण रात्री झोप उडाली ती ह्या रिकाम्या कॅनांनी.

त्याची बायको सगुणाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "पोखर्नीला चला," ती रोज म्हणायची. "नरसिंहाम्होरं उभं राहा, अंगारा उचला, आन् सांगा की म्या थेंब इकला न्हाई. समद्या गावाला घिऊन जाऊ. मग बगू कोन बोलतंय ते."

"मला न्हाई जमत."

"काहून? इकलं का तुमी?"

"न्हाई."

"मग?"

तेल विकलं नाही ही शपथ खरीच झाली असती. पण देवासमोर एकच वाक्य बोलून परत येता येतं असं त्याला वाटत नव्हतं. देवानं पुढं विचारलं, की झाकण कोणी उघडं ठेवलं, बाजूला कोण सरकलं, तर? सगुणाबाईला खरं सांगावं म्हटलं तर मग गावाला वेगळं सांगायची गरजच उरली नसती. आणि धुरपताबाई गावात नव्हत्या. त्या आषाढाच्या आधीच मोतीबिंदू काढायला परभणीला लेकीकडं, शुभदाकडं गेल्या होत्या. एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. लेकीनं पोळ्यापर्यंत ठेवून घेतलं होतं. फोनवर त्यांना कोणी काही सांगितलं नाही, कारण ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाणी आलेलं चालत नाही.

सिद्धोधनला आपल्या तोंडून निघालेलं 'पानी गेलंय' टोचत असावं. तो एके सकाळी दारात येऊन उभा राहिला. "मामा, घरी बसून काय करायलाव? या गॅरेजला. गिअर धुवायला मला मानूस पायजे."

"चोराला कामाला ठिवतो का?"

"तुमी चोर असता तर मला आदी कळलं असतं. हौजिंगला तळहात लावून कोनी चोरी करत न्हाई."

बन्सीधर जायला लागला. दिवसभर डिझेलच्या टोपल्यात गिअर धुवायचे, एकेक दात बोटानं चाचपायचा. इतकी वर्षं ज्या पेटीवर नुसता वरून हात ठेवला, तिच्या आत काय असतं ते त्याला आत्ता दिसत होतं. एक गिअर दुसऱ्याला फिरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि जोर शेवटी चाकाला लागतो. त्याला ते काम आवडायला लागलं, आणि आवडतंय ह्याचं जरा वाईटही वाटलं.

श्रावण उतरणीला लागला आणि तोच ट्रॅक्टर पुन्हा गॅरेजला आला. आता त्यावर नवा ड्रायव्हर हरिओम होता. पाण्याचं तेल काढून चांगलं भरलं होतं, तरी लिफ्ट पुन्हा रडायला लागली होती. बन्सीधर पुढं आला नाही. पण ट्रॅक्टर उभा राहिल्यावर त्याचा तळहात आपोआप हौजिंगवर गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला.

"जाळी चोंदली असंल," सिद्धोधन म्हणाला. लिफ्टचा पंप तेल ओढतो ते एका बारीक जाळीतून. मागच्या वेळी ती बघितली नव्हती. हरिओम चहा प्यायला गेला. बन्सीधरनं वाकून बोल्ट काढले आणि जाळी बाहेर ओढली.

जाळीला पान चिकटलं होतं. एक अख्खं, बाकीच्यांचे तुकडे. एवढे महिने तेलात मुरून लोणच्यातल्या फोडीसारखं काळपट झालेलं, पण देठ शाबूत, शिरा शाबूत, आणि शिरांमध्ये पिवळट गाळ. हळद. पळसाचं पान ओळखायला आमच्याकडं कोणाला शाळेत जावं लागत नाही.

बन्सीधरनं ते मुठीत घेतलं. पण सिद्धोधनच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"मामा, हात उघडा."

बन्सीधरनं हात उघडला. सिद्धोधन पानाकडं बघत राहिला. ज्या घरात बैल उरले नव्हते, त्या घरच्या ट्रॅक्टरच्या पोटात लोणी, हळद आणि पळस. दोन आणि दोन चार करायला त्याला फार वेळ लागला नाही.

"म्हातारीनं घातलं," तो म्हणाला. "आन् तुमी एवढे दिवस चोर म्हनून फिरायलाव? आत्ताच्या आत्ता फोन लावतो बालाजीला. हे पान बघ म्हनतो, आन् काकाच्या पाया पड."

"सिद्धोधन, न्हाई."

"तुमची अब्रू हाय ह्या पानात, मामा!"

"आन् मायचीबी. शब्द दिलाय म्या."

बन्सीधरनं पान जळक्या तेलाच्या पिंपात टाकलं आणि लाकडानं खाली दाबलं. हात पुसला. मग जाळी डिझेलमध्ये बुडवून घासायला बसला. सिद्धोधननं हातातला पाना फेकला. तो इतका चिडला होता, की पुढं कितीतरी दिवस बन्सीधरशी फक्त कामापुरतं बोलला. पण बाहेर त्यानंही तोंड उघडलं नाही. शब्द बन्सीधरचा होता, तो मोडायचा हक्क आपला नाही, एवढं त्याला कळत होतं.

खांदेमळणीच्या दिवशी बन्सीधर दुपारीच घरी आला. आज हौजिंगचं तेल बदलायचा दिवस, आणि त्याच्याकडं ना हौजिंग ना तेल. ओसरीवर बसून तो बाभळीची काडी उगाच सोलत होता. गल्लीतल्या दोन घरी अजून बैल होते, तिथं लोणी गरम करायची गडबड चालली होती.

गल्लीच्या तोंडाशी धुरपताबाई दिसल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वाटी. चाचपडत नव्हत्या, नीट पाय टाकत येत होत्या. मागं बालाजी, मान खाली, हातात पळसाची पानं. असला थाट बघून बैलाची गडबड सोडून माणसं बाहेर आली.

सगुणाबाई दारात आडवी झाली. "आता अजून काय ऱ्हायलंय न्यायचं?"

"न्यायला न्हाई आले, सगुना. सांगायला आले." धुरपताबाईंनी आवाज चढवला, साऱ्या गल्लीला जावा म्हणून. "ऐका रं समदे. ट्रॅक्टरात पानी कोनी घातलं न्हाई. गेल्या खांदेमळनीला म्या लोनी वतलं आत. म्या! ह्यानं नगं म्हनलं होतं. म्याच म्हनलं बाळूला सांगू नगं, आन् ह्यानं न्हाई सांगितलं. काल घरी आले, नव्या डोळ्यानं बगते तर ट्रॅक्टरवर दुसराच. इचारलं तवा कळलं, ह्या मानसानं माझ्यापायी काय ऐकून घेतलं ते."

सगुणाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, आणि रागाच्या मागं जे होतं ते तिनं पदरात लपवलं.

उद्या लोक कॅन घेऊन येतील, हे बन्सीधरच्या मनात पहिलं आलं. आणि लगेच दुसरं आलं, जे त्यानं एवढे दिवस मनात येऊ दिलं नव्हतं. राग. मायचा नव्हे. एका परातभर तेलासाठी ज्यानं एवढ्या वर्षांचा हिशोब एका दमात मिटवला, त्याचा.

"बाळू," धुरपताबाई म्हणाल्या, "ह्या घराचा खांदा ना ट्रॅक्टर व्हता, ना बैल. चल, मळ."

बालाजी पुढं आला. बन्सीधर म्हणाला, "मला बैल समजलाव का काय?" दोघंतिघं हसले, पण बालाजी हसला नाही. "काका, माझं चुकलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. इतका खाली आलेला त्याचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. मग त्यानं बन्सीधरच्या बंडीची बाही सारली, पान लोण्यात बुडवलं आणि खांद्यावर चोळायला लागला. तिथं एक घट्टा होता. पोत्यांचा, पेंढ्यांचा, औताच्या दांड्याचा, आणि लहानपणी ज्याला खांद्यावर बसवून तो शेतात न्यायचा त्या बालाजीचाही थोडा असेल. बालाजीचं बोट त्या घट्ट्यावर अडखळलं.

लोणी कोमट होतं. बरं वाटत होतं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. बन्सीधरनं डोळे मिटले, आणि त्याला तांबड्या आठवला. तांबड्याही असाच डोळे मिटून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, पुरणपोळी. आणि पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी त्याच मळलेल्या खांद्यावर जू ठेवायला बन्सीधरच जायचा, दरवर्षी, आणि तांबड्या कधी मान मागं घ्यायचा नाही.

धुरपताबाई वाकल्या. चष्म्याच्या खालून पाणी आलं होतं, डॉक्टरांनी नको म्हटलेलं. त्याच्या कानाशी त्या म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आणि मग, आवतणात नसलेलं, हळूच, "ये रं बन्सी. किल्ली तुज्यासाठी काढून ठिवलीय."

बन्सीधरनं डोळे उघडले.

"जेवायला येतो, माय," तो म्हणाला. "जुंपायला न्हाई."

बालाजीचा हात खांद्यावर होता तिथंच थांबला. मग त्यानं तो काढून घेतला.